थर्मोस्टॅटचा एक बोल्ट जाम: पिळतोय, पण फिरत नाहीये

रविवारचा_मेकॅनिक (रविवार, संध्याकाळ)

नमस्कार मंडळी, जरा अडलोय.

बाबांची गाडी आहे, १४ वर्षांची, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. मोकळ्या रस्त्याला लागलं की तापमानाचा काटा हळूहळू खाली उतरतो आणि हीटर कोमट हवा सोडायला लागतो. म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गार असताना कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला असणार. हे निदान मी स्वतःच केलं, आणि तिथवर सगळं बरं चाललं होतं. मग बदलायलाही स्वतःच घेतला. एरवी मी हिशेब तपासणारा माणूस. हाताला तेल लागतं ते रविवारीच.

थर्मोस्टॅटवरच्या झाकणाला, म्हणजे हाउसिंगला, तीन बोल्ट आहेत, एम ६ (सहा मिमी जाड), डोकं १० मिमीचं. वरचे दोन सुटले. एक तर नंतर बोटांनीच फिरवला. तिसरा खालचा. होजच्या (कूलंटच्या रबरी नळीच्या) तोंडापासून वर्षानुवर्षं कूलंट पाझरून त्याच्याभोवती पांढरट-हिरवा पापुद्रा धरलाय. हा बोल्ट हलत नाही. खरं तर हलतो, आणि मला भीती त्याचीच वाटतेय. रॅचेटवर जोर दिला की डोकं जरासं येतं, ओल्या फडक्याचा पीळ काढताना येतो तसं, आणि जोर सोडला की परत जागेवर जातं. आवाज काहीच नाही. तिथेच हात काढून घेतला.

आतापर्यंतचे उद्योग: डब्ल्यूडी-४० मारलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा मारलं. डोक्यावर हातोडीने दोन टपल्या दिल्या. लेक नऊ वर्षांची आहे, तिसरी टपली तिने दिली, ती माझ्यापेक्षा नीट बसली.

हाउसिंग ॲल्युमिनियमचं, ते ज्याला बसतं ते सिलिंडर हेडही (इंजिनचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचं. इंजिन गाडीतच आहे आणि समोर रेडिएटरच्या पंख्यापर्यंत जेमतेम एक वीत जागा. बोल्ट तुटायच्या किती जवळ आलाय हे कसं ओळखायचं? तापवायचं तर काय तापवायचं, बोल्ट की हेड? आणि तुटलाच तर आतला तुकडा काढायला आधी काय करू?

घाईत_आहे

रॅचेटला दोन फुटी पाइप घाला आणि एक झटका द्या. हळूहळू जोर लावल्यानेच तुटतात. माझे आजवर सगळे असेच निघालेत.

जुना_फिटर

पाइप लावू नका.

घाईत, तुमचे निघालेले सगळे चाकाचे नट असणार. ते एम १२ च्या स्टडवर बसतात, त्यावर माणूस उभा राहिला तरी चालतं. इथे सहा मिमीची काडी आहे. हा बोल्ट मुळात १० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो. फूटभर दांड्याच्या टोकाला पाच किलोचा जोर दिलात की १५ झाले. आणि पाच किलोचा जोर म्हणजे आपल्याला जोर लावल्यासारखंही वाटत नाही. दोन फुटी पाइपला तर करंगळी पुरे.

रविवारवाले, तुम्ही थांबलात हे सगळ्यात चांगलं केलंत. जोर सोडल्यावर डोकं परत जागेवर जातंय तोवर बोल्ट शाबूत आहे. ज्या वेळी ते पुढे जाईल आणि परत येणार नाही, आवाजही होणार नाही आणि हाताला लोण्यासारखं मऊ लागेल, त्या वेळी तो तुटायला निघालाय असं समजा. सुटणारा बोल्ट बोलतो. आधी 'टक्' असा कोरडा आवाज, मग कर्र-कर्र. ३१ वर्षं देखभाल खात्यात काढली, कर्र ऐकून कधी घाबरलो नाही. गप्प बोल्टाला घाबरायचो.

आता मूळ गोष्ट. तुम्ही सगळे आटे जाम झालेत असं धरून चाललाय. माझा अंदाज वेगळा आहे. बोल्ट लांबीला किती आहे? निघालेल्या दोघांपैकी एक मोजा. हाउसिंगची जाडी मोजा. बोल्टाचा साधा गुळगुळीत भाग हाउसिंगच्या भोकातून जातो, आणि त्या भोकात चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा असते. पाझरलेलं पाणी तिथेच साठतं. पोलाद आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना टेकले की झीज ॲल्युमिनियमची होते, आणि त्याची जी पांढरी पूड बनते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. ती त्या फटीत ठासून भरते. दारूगोळा ठासतात तशी. बोल्ट जाम होतो तो तिथे. आटे बहुतेक वेळा धडधाकट असतात आणि उगाच बदनाम होतात.

हे लक्षात आलं की उपायही बदलतो. वरचे दोन बोल्ट निघालेत ना? मग हाउसिंग त्या एका खिळ्यावर टांगलेल्या पाटीसारखं आहे. बोल्टाला हात न लावता हाउसिंगच हलवा. होजच्या तोंडाला लाकडी ठोकळा टेकवून डावीकडून एक टपली, उजवीकडून एक. दात काढताना वैद्य जसा हलवतो तसं. दोन अंश हललं तरी पूड फुटते आणि तेल आत शिरायला वाट मिळते. मात्र आधी बघून घ्या, हाउसिंग आणि हेडमध्ये बसवायची पिन असेल तर ते फिरणार नाही. मग हट्ट करू नका.

दुसरं, सॉकेट सहा पैलूंचा वापरा. बारा पैलूंचा असेल तर तो डोक्याचे कोपरे खातो आणि मग सगळाच खेळ संपतो.

तिसरं, आधी किंचित आवळायच्या दिशेने. मग सोडायच्या. पुन्हा आवळायच्या. ही देवघेव चालू ठेवायची. एकदा हलला की लगेच पूर्ण काढायची हाव नको.

तापवायचं ते हाउसिंग आणि हेड, बोल्ट नाही. बोल्ट तापवलात तर तो फुगून आणखी घट्ट होईल.

लेथवाली

काकांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. तापवण्याबद्दल थोडी भर घालते, कारण लोक हेड बिघडवून माझ्याकडे आणतात ते याच पायरीवर.

ॲल्युमिनियम तापून लाल होत नाही. लोखंडासारखा इशारा मिळेल म्हणून ज्योत धरून बसाल तर ते रंग न बदलता एकदम बसेल. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्या बराच आधी. म्हणून उघडी ज्योत नको, हॉट एअर गन घ्या. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडाला, की पुष्कळ झालं. शेजारी तापमानाच्या सेन्सरचं प्लॅस्टिक असेल, त्यावर ओलं फडकं गुंडाळा. मारलेलं तेल आधी नीट पुसून घ्या, नाहीतर डोळ्यांत धूर आणि नशीब वाईट असेल तर जाळ.

आणि एक. ब्रेक क्लीनर मारून लगेच तापवू नका. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावक असतं आणि ते तापलं की फॉस्जीन होतो. हा युद्धात वापरलेला विषारी वायू आहे, मी घाबरवायला सांगत नाहीये.

इझी-आऊटचा (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून आत रुतवायच्या आणि फिरवायच्या काडीचा) विचार डोक्यात असेल तर काढून टाका. माझ्याकडे तुटलेल्या बोल्टांपेक्षा बोल्टात तुटलेली इझी-आऊट जास्त येतात. साधा विचार करा: सहा मिमीचा अख्खा बोल्ट ज्या जोराने फिरला नाही आणि तुटला, तोच जोर त्याच्या पोटात घातलेली तीन मिमीची कडक, ठिसूळ काडी कशी देईल? ती तुटली की ड्रिलसुद्धा तिला चरा पाडत नाही. मग आमच्याकडे यायचं आणि ठिणगीने धातू खाणाऱ्या यंत्रावर हेड चढवायचं. म्हणजे आधी हेड उतरवायचं. एका थर्मोस्टॅटसाठी.

रविवारचा_मेकॅनिक (मंगळवार, रात्र)

जुने फिटर, तुम्हाला काका म्हटलं तर चालेल ना? लेथवालीताई म्हणाल्याच आहेत.

मोजमाप: बोल्ट ३५ मिमी, त्यातले टोकाकडचे १८ मिमी आटे, बाकी गुळगुळीत. हाउसिंगची जाडी २० मिमी. म्हणजे हेडमध्ये फक्त १५ मिमी गेलाय आणि गुळगुळीत भाग सगळाच्या सगळा हाउसिंगच्या भोकात. तुमचा अंदाज बोल्ट न बघता बरोबर आला. पिन नाही. सील म्हणून थर्मोस्टॅटच्या कडेला रबराची रिंग आहे, कागदी गॅस्केट नाही.

सवयीप्रमाणे तापवण्याचा हिशेब मांडला. एक अंश वाढला की ॲल्युमिनियम लाखात साधारण २.३ भाग वाढतं, पोलाद १.२. सहा मिमीचं भोक १५० अंशांनी तापवलं, बोल्टही तेवढाच तापला असं धरलं, तरी फरक पडतो ०.०१ मिमीचा. केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाएवढा. इतक्याशा फटीसाठी एवढा खटाटोप?

जुना_फिटर

काका म्हणालास, आता मीही तू म्हणतो.

तुझा हिशेब बरोबर आहे आणि ०.०१ कमी नाही. आमच्याकडे बेअरिंग दांड्यावर बसायचं की नाही हे तेवढ्यावर ठरायचं. शिवाय फायदा नुसत्या फटीचा नाही. तापताना आणि गार होताना दोन्ही धातू कमी-जास्त सरकतात आणि मधली पूड चिरडते. म्हणून एकदाच खूप तापवण्यापेक्षा तीन-चारदा बेताचं तापवून गार होऊ दे. गार होता होता, अजून हात लावायला चटका बसतोय तेव्हा, तेल सोड. गार होणारी फट तेल आत ओढून घेते. तेल नसेल तर मेणबत्ती घे. तापलेल्या बोल्टाच्या मुळाशी टेकव, मेण पाण्यासारखं पातळ होऊन आत जातं. मला ते तेलापेक्षा आवडतं. गडबड करून उडून जात नाही.

आणि रॅचेट ठेवून दे. टी-हँडल घे, दोन्ही हातांनी धर. रॅचेटने एका बाजूला ओढलं की बोल्ट पिळतोही आणि वाकतोही.

तेलकट_बाह्या

डब्ल्यूडी-४० बद्दल एक. नावातच आहे: वॉटर डिस्प्लेसमेंट, चाळिसावा प्रयत्न. १९५३ चं, पाणी हटवून गंज थांबवायला बनवलेलं. जाम बोल्टासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं मिळतं, ते बरं. काही जण ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं मिसळतात. चालतं, पण ते दोन्ही एकजीव राहत नाहीत, दर वेळी हलवून घ्यावं लागतं. आणि हॉट एअर गन असलेल्या घरात मी तरी ॲसिटोनची बाटली उघडी ठेवणार नाही.

रविवारचा_मेकॅनिक (गुरुवार, रात्र)

तुटला.

सविस्तर सांगतो, शिव्या नंतर द्या. काल दोनदा आणि आज दोनदा तापवलं, मेण सोडलं. हाउसिंगला लाकडी ठोकळ्याने टपल्या दिल्या. पहिल्या वीसेक टपल्यांना काही नाही, मग एकदम पांढरी पूड भुरभुरली आणि हाउसिंग केसभर फिरलं. टी-हँडल लावलं, आवळायच्या दिशेने नेलं, सोडायच्या दिशेने आणलं. 'टक्' झालं! काका, तोच कोरडा आवाज. अष्टमांश फेरा फिरला, कर्र करत. परत आवळला, पुन्हा सोडला, पाव फेरा. लेक शेजारी उभी राहून मोजत होती.

तिथे मी थांबायला हवं होतं, तेल सोडायला हवं होतं. पण जेवायची हाक आली आणि मला वाटलं, निघालाच आहे तर काढूनच जाऊ. पुढचा पाव फेरा अगदी मऊ गेला. बिनआवाज. तुम्ही सांगितलेलं लोणी ते हेच, हे कळेपर्यंत डोकं सॉकेटमध्ये होतं आणि बोल्ट इंजिनात.

लेक म्हणाली, "निघाला?" मी म्हटलं, "थोडा."

जुना_फिटर

छान झालं.

थट्टा नाही. डोकं कुठून तुटलंय? अगदी मुळाशी, हाउसिंगच्या वरच्या पातळीला, हो ना? मग आता हाउसिंग बोल्टावरून वर ओढून काढ. पूड तर फुटलेली आहेच. हाउसिंग निघालं की हेडमधून २० मिमी काडी उभी दिसेल. जाम जो भाग होता तोच बाहेर येणार, आणि धरायला मूठभर जागा. हेडच्या पातळीला तुटणं वाईट. डोकं उडणं म्हणजे नुसता खोळंबा.

हाउसिंग काढताना पेचकस फटीत घालून उचकटू नकोस, हेडच्या तोंडाला ओरखडा पडला तर जन्मभर पाझरेल. डावी-उजवी टपली आणि वर ओढ, एवढंच.

लेथवाली

आणि काडी उभी राहिली की घाईने पक्कड लावू नका. साधी पक्कड घसरते आणि काडी गुळगुळीत करून ठेवते. लॉक होणारी व्हाइस ग्रिप, तीही हेडच्या जितक्या जवळ धरता येईल तितकी. टोकाला धरलीत तर पुन्हा पीळ बसेल. दोन नट एकमेकांवर आवळून फिरवायची युक्ती इथे चालणार नाही, तुमच्या मापाप्रमाणे बाहेर जेमतेम ३ मिमी आटे असतील, बाकी गुळगुळीत.

व्हाइस ग्रिपने नाहीच जमलं तर काडीवर नट ठेवून आतून वेल्डिंगने भरून घ्यायचा. पोलादी वेल्ड ॲल्युमिनियमला धरत नाही, आणि त्या उष्णतेनेच निम्मं काम होतं. बॅटरीची वायर आधी काढायची. भोक पाडून टॅप (आटे कापायचं हत्यार) मारणं सगळ्यात शेवटी. ड्रिल कठीण पोलाद सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घसरतं आणि भोक तिरकं जातं.

(घड्याळजी लोक पितळी पाटीत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात ठेवतात. पोलाद विरघळतं, पितळ शाबूत. तुमचं इंजिन पातेल्यात मावत असेल तर बघा.)

घाईत_आहे

म्हणजे शेवटी तुटलाच. पाइपने पहिल्या दिवशीच तुटला असता.

जुना_फिटर

हो, आणि पहिल्या दिवशी पूड फुटलेली नसती. डोकं गेलं असतं आणि हाउसिंग त्या काडीवर सिमेंट केल्यासारखं राहिलं असतं. मग ते छिन्नीने फोडून काढावं लागलं असतं, हेडच्या तोंडावर.

रविवारचा_मेकॅनिक (रविवार, दुपार)

निघाला. अख्खा.

हाउसिंग काढायला पंधरा मिनिटं. त्यानंतर काडी बघून धीर आला. खरंच धरायला भरपूर जागा होती. हेडचा तेवढा भाग पाच मिनिटं तापवला, थेंब चुर्र झाला, मेण टेकवलं, गार होऊ दिलं. हे दोनदा. व्हाइस ग्रिप अगदी मुळाशी लावली. आधी आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या. पहिले दोन फेरे कर्र-कर्र, आणि मग एवढा सैल की व्हाइस ग्रिप काढून बोटांनी फिरवला. चार दिवस ज्याने रडवलं तो शेवटचे दहा फेरे गाणं म्हणत आला.

आता ऐका. पूड गुळगुळीत भागावर होती, खडूसारखी घट्ट, आणि हेडमधल्या पहिल्या दोन आट्यांत. त्याखालचे सगळे आटे चकचकीत, नव्यासारखे. म्हणजे हाउसिंगमधली पूड फुटल्यावर अडवणारे फक्त ते दोन आटे उरले होते, आणि गुरुवारी मी तेवढ्यासाठी घाई केली.

हेडच्या आट्यांत एम ६ चा टॅप हाताने हलकेच फिरवला, नवीन आटे पाडायला नाही, राख काढायला. तिन्ही बोल्ट नवे. हाउसिंगचं ते भोक आतून खवल्या-खवल्यांचं झालं होतं, होजचं तोंडही खड्ड्यांचं, म्हणून हाउसिंगही नवंच घेतलं. गुळगुळीत भागाला अँटी-सीझचं (बोल्ट जाम होऊ नये म्हणून लावायच्या लेपाचं) पातळ बोट फिरवलं. आट्यांना लावलं नाही, कारण आटे बुळबुळीत झाले की त्याच १० मध्ये बोल्ट जास्त ताणला जातो असं वाचलं. बरोबर ना? टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) १० ला आवळले. जुना थर्मोस्टॅट हातात घेतला तेव्हा गार असूनही दोन मिमी उघडा होता, निदान तरी बरोबर निघालं.

जुना_फिटर

बरोबर. आट्यांना लावायचंच असतं तर जोर थोडा कमी ठेवायचा. कूलंट भरताना हवा काढ, हीटर पूर्ण गरमवर ठेवून. वरच्या होजमध्ये फुगा अडकला तर काटा उलटा, वर पळेल आणि तू पुन्हा हाउसिंग खोलशील.

रविवारचा_मेकॅनिक (रविवार, रात्र)

हवा काढली. तीस किलोमीटर फिरवून आणली, काटा मधोमध, हीटरने घाम काढला. खाली फडकं ठेवलं होतं, कोरडं आहे.

एकच शेवटची शंका, काका. इंजिन एकदा तापून गार झालंय. तिन्ही बोल्ट पुन्हा एकदा १० ला तपासून घेऊ का?

जुना_फिटर

रबराची रिंग आहे, कागद नाही. दबून सैल पडायला तिथे काही नाही. हात लावू नकोस.